खात्री झाल्यावरच डॉक्टरकडे जायचं, असं ठरवू नका

प्रश्न थोडक्यात असा: वय २९, नोकरी आहे, लग्नाला दोन वर्षं झाली. रात्री झोपण्याआधी गॅसची बटणं आणि दाराची कडी तपासावी लागते. आधी दोन-तीनदा बघून भागायचं, आता त्यात पंचवीस-तीस मिनिटं जातात. मग नवऱ्याला विचारायचं, "लावली ना रे कडी?" तो पलंगावरूनच "हो, लावली" म्हणतो. सकाळी निघताना पुन्हा तेच. वर्षभरापासून गाडी खड्ड्यात आदळली की कुणाला धडक तर बसली नाही ना, म्हणून त्याच रस्त्यानं मागं जाऊन बघायचं. नवऱ्याचं म्हणणं, सगळेच तपासतात, तू जरा जास्त विचार करतेस. इंटरनेटवरच्या ओसीडीच्या (नकोसे विचार आणि त्यापायी त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मनाचा आजार) सहा-सात चाचण्या सोडवून झाल्या. कधी 'सौम्य' येतं, कधी 'मध्यम'. हे डॉक्टरकडे जाण्याइतकं आहे, की आपणच मन घट्ट करावं? आणि अगदी शेवटी, "याचा याच्याशी संबंध नसेल कदाचित" असं म्हणून एक ओळ: बहिणीचं चार महिन्यांचं बाळ हातात घेतलं की 'आपण हिला खाली टाकलं तर?' असं मनात येतं, म्हणून दोन महिने बहिणीकडे जाणंच बंद केलंय.

जा. याच महिन्यात जा. आता का ते सांगतो, आणि सुरुवात चाचण्यांपासूनच करतो.

सहा-सात चाचण्या का लागल्या? पहिलीचा निकाल आल्यावर थोडा वेळ बरं वाटलं असणार. मग वाटलं असणार की चौथ्या प्रश्नाचं उत्तर आपण बरोबर दिलं नाही, किंवा ही साइटच तितकीशी भरवशाची नाही. म्हणून दुसरी. ओळखीचं वाटतंय ना? कडी ओढून बघणं आणि 'मला ओसीडी आहे का' हे ओढून बघणं, दोन्ही कामं एकच हात करतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण आधी कित्येक महिने आपल्याला हा आजार 'नक्की' आहे का याचा छडा लावत बसलेले असतात. खात्री झाली की डॉक्टरकडे जायचं, असं त्यांनी ठरवलेलं असतं. आता हा आजारच असा की यात माणसाला कशाचीच खात्री वाटत नाही. मग तो दिवस उजाडणार कधी? निदान करणं हे आमचं काम आहे. तुम्ही शंका घेऊन या, तेवढं पुरे.

मराठीत याला पूर्वीपासून मंत्रचळ म्हणतात. मला हा शब्द आवडतो, कारण त्यात चळ आहे आणि मंत्रासारखी आवर्तनंही आहेत. आमच्या भाषेत याचे दोन भाग. पहिला म्हणजे मनात जबरदस्तीनं घुसणारा विचार, चित्र किंवा ऊर्मी. दुसरा म्हणजे त्यातून उठणारी धास्ती शमवण्यासाठी केलेली कृती. ही कृती दिसलीच पाहिजे असं नाही. मनातल्या मनात आकडे मोजणं, घडलेला प्रसंग पुन्हा पुन्हा उलगडून बघणं, वाईट विचारावर चांगल्या विचाराचा उतारा टाकणं, दुसऱ्याकडून "काही होणार नाही" वदवून घेणं, या सगळ्या कृतीच. तुमच्या यादीतलं "लावली ना रे कडी?" तुम्ही सहज सांगून गेलात, पण माझ्या दृष्टीनं ते गॅसच्या बटणाइतकंच महत्त्वाचं आहे.

आता वेळेबद्दल. निदानाच्या निकषांत रोजचा साधारण एक तास धरतात, हे खरं. पण त्या वाक्यात 'किंवा' आहे: रोज तासाहून अधिक वेळ जातो, किंवा त्यानं खूप त्रास होतो, किंवा कामात, नात्यांत, रोजच्या जगण्यात अडथळा येतो. लोक फक्त तास वाचतात आणि घड्याळ लावून बसतात. तुमचंच गणित करू. रात्री अर्धा तास, सकाळी समजा पंधरा मिनिटं, गाडी वळवून परत जाण्यात वीस. तास भरलाच. आणि समजा उद्या तुम्ही गाडी चालवणंच सोडलंत, तर? वीस मिनिटं वाचली, निकालात आकडा खाली आला, आजार मात्र वाढला. बहिणीकडे जाणं बंद केल्यापासून बाळाच्या विचारावर तुमचा रोज किती वेळ जातो? जवळपास शून्य मिनिटं. म्हणून मी पेशंटला मिनिटं नंतर विचारतो. आधी विचारतो, यापायी कुठं जाणं सोडलं, काय हातात घेणं सोडलं, आणि घरातल्या कोणाकोणाला कामाला लावलं.

तपासल्यानं खात्री वाढत का नाही, हे कळलं की पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००३ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना हा आजार नाही अशा लोकांना संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा तपासायला लावली. दुसऱ्या गटाला तेवढ्याच वेळा दिवे तपासायला दिले आणि शेवटी एकदाच शेगडी. नंतर दोन्ही गटांना विचारलं, शेवटच्या खेपेला कोणती बटणं तपासलीत? उत्तरं दोघांचीही सारखीच बरोबर होती. फरक होता तो भरवशात. शेगडी पुन्हा पुन्हा तपासलेल्यांना ती आठवण अंधुक वाटत होती, आपल्याच आठवणीवर त्यांचा विश्वास राहिला नव्हता. म्हणजे स्मरणशक्ती शाबूत, तिच्यावरचा विश्वास तपासण्यानंच पोखरला. तुम्ही रात्री पंचविसाव्या मिनिटाला बटणाकडे टक लावून बघता, बटण बंद दिसतं, तरी ते 'दिसल्यासारखं वाटत नाही'. हेच ते.

एक गृहस्थ यावर तोडगा काढून आले होते. रोज निघताना शेगडीच्या बटणांचा मोबाइलवर फोटो. शंका आली की ऑफिसात फोटो उघडायचा. पहिले दोन आठवडे झकास गेले. मग वाटायला लागलं, हा फोटो आजचाच कशावरून? म्हणून फोटोत घड्याळ धरायला लागले. पुढे वाटलं, फोटो काढून मागं वळताना आपल्याच बाहीनं बटण फिरलं असेल तर? म्हणून व्हिडिओ, दाराबाहेर पडेपर्यंत. माझ्यासमोर बसून त्यांनी मोबाइल उघडून दाखवला तेव्हा एकाच शेगडीचे चौदाशेच्या वर फोटो होते, आणि एकही पुसायची हिंमत नव्हती. असा तोडगा तुम्हाला अजून सुचला नसेल तर बरंच आहे. सुचला असेल तर सोडा.

आता ती शेवटची ओळ. संबंध आहे. खरं सांगायचं तर मला तुमचा सगळा प्रश्न त्या ओळीत दिसतो. कडी, गॅस, गाडी, बाळ, सगळीकडे धागा एकच: माझ्या हातून किंवा माझ्या हयगयीनं कुणाचं तरी वाईट होईल. कडीबद्दल बोलायला लाज वाटत नाही, बाळाबद्दल वाटते, म्हणून लोक डॉक्टरलाही कडीच सांगतात. पाच-सहा भेटी झाल्या की एक दिवस उठता उठता, दाराची मूठ धरून, "अजून एक होतं..." म्हणतात.

असे विचार कोणाला येतात? जवळजवळ सगळ्यांना. रॅकमन आणि डी सिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली आजार नसलेल्या लोकांना विचारलं तेव्हा सुमारे ८० टक्के जणांनी असे नकोसे विचार येत असल्याचं सांगितलं. २०१४ साली १३ देशांतल्या विद्यार्थ्यांच्या पाहणीत तर मागच्या तीन महिन्यांत असा एक तरी विचार येऊन गेल्याचं ९४ टक्क्यांच्या आसपास मुलांनी सांगितलं. कड्यावर उभं राहिलं की उडी मारली तर, सुरी हातात असताना शेजारच्याला खुपसली तर, प्रार्थना चालू असताना भलतंच अश्लील काही. बहुतेकांच्या मनात तो विचार येतो तसा निघूनही जातो. ओसीडी असलेला माणूस मात्र तो धरून बसतो: असा विचार आला म्हणजे मी आतून तशीच असणार. आणि हे नेमकं त्याच गोष्टीबाबत होतं जी त्याला जिवापलीकडे जपायची असते. बाळ नावडतं असतं तर तुम्ही दोन महिने रडत घरी बसला नसता. हा विचार तुमच्या मनाविरुद्ध येतो, त्यानं तुमच्या अंगावर काटा येतो, तुम्ही त्यापासून पळता. ही ओसीडीची चाल आहे, हल्ला करायला निघालेल्या माणसाची नाही.

हे मी एकदा सांगितलं. पुन्हा विचाराल तर पुन्हा सांगणार नाही. का, ते पुढे येईलच.

एक गोष्ट मात्र यापासून वेगळी ठेवली पाहिजे. बाळंतपणानंतर एखाद्या आईला नुसता नको असलेला विचार येत नसेल, तर बाळात काही अघोरी शिरलंय अशी तिची पक्की समजूतच झाली असेल, कानात आवाज आज्ञा देत असतील, दिवस-रात्र झोप नाही, बोलणं विस्कळीत, वागणं एकदम बदललेलं, तर तो ओसीडी नव्हे. तिथं अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि तोवर तिला आणि बाळाला एकटं सोडायचं नाही.

वाट बघू नये अशा आणखी काही वेळा आहेत. जगण्यात अर्थ नाही, संपवून टाकावं असं मनात येत असेल तर आजच बोला. या आजारासोबत नैराश्य फार वेळा येतं आणि आत्महत्येचा धोका वाढलेला असतो. दूषित होईल या भीतीनं खाणं-पिणं तुटलं असेल, धुऊन धुऊन हातांच्या भेगांतून रक्त येत असेल, किंवा न्हाणीघरातून बाहेर पडायला काही तास लागत असतील तरीही तसंच. लहान मुलाला काल-परवापर्यंत काही नव्हतं आणि दोन-चार दिवसांत एकदम धुणं, तपासणं, भीती, अंगाला झटके, हट्ट सुरू झाला, तर आधी बालरोगतज्ज्ञाकडे न्या. क्वचित घशाला स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूचा संसर्ग झाल्यानंतर असं होतं. पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच असं काही सुरू झालं तर मेंदूची तपासणीही करून घ्यावी. एरवी हा आजार बहुधा लहानपणी किंवा विशीच्या आसपास डोकं वर काढतो.

आणि ज्यांनी येण्याची गरज नाही असे? आहेत की. कपाटातले कपडे रंगांप्रमाणे लावायला आवडतं, टेबल नीटनेटकं लागतं, निघताना एकदा कुलूप ओढून बघतो, आणि हे करताना बरं वाटतं किंवा काहीच वाटत नाही. "मला जरा ओसीडीच आहे" असं कौतुकानं म्हणणारे बहुतेक या गटातले. ओसीडी असलेल्याला ती कृती आवडत नसते. तो चिडून, थकून, स्वतःला शिव्या घालत ती करत असतो.

मन घट्ट करून बघू का, असं विचारलंत. तुम्ही आजवर तेच करताय. विचार आला की त्याला हाकलायचं, नाही जमलं की तपासून टाकायचं. औषध पिताना माकड आठवायचं नाही म्हटल्यावर माकडच आठवतं, तशातली गत. विचार अडवणं आपल्या हातात नसतं. त्यानंतर काय करायचं, ते हातात असतं, आणि उपचार तिथंच काम करतो.

या उपचाराचं नाव ईआरपी. भीतीला सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. व्हिक्टर मायर या मानसशास्त्रज्ञानं १९६६ साली लंडनमध्ये दोन पेशंटवर अशा उपचाराचा अनुभव प्रसिद्ध केला, तिथून हा रस्ता निघाला. तुमच्या बाबतीत तो कसा दिसेल? पहिल्याच दिवशी कुणी तुम्हाला बाळ हातात घेऊन गच्चीवर उभं करणार नाही. आधी उपचार करणारा आणि तुम्ही, दोघं मिळून भीतीची एक शिडी आखायची. खालच्या पायरीवर कदाचित एवढंच असेल की सकाळी बटण एकदा बंद करायचं, बघायचं आणि निघायचं, आणि मनात "बंद असेल, नसेलही" हे वाक्य तसंच लोंबकळत ठेवायचं. छातीत धडधडेल. ती धडधड कमी होवो न होवो, परत फिरायचं नाही. बरेच जण आठवड्याभरानं येऊन सांगतात की अर्ध्या तासानं विसरलोच होतो. काही जण सांगतात, दिवसभर आठवत होतं पण कामही झालं. दुसरं उत्तर मला जास्त आवडतं. वरच्या पायऱ्यांवर तोच खड्ड्याचा रस्ता मागं न वळता पार करणं, बहिणीकडे जाणं, बाळाला मांडीवर घेणं. साधारण १२ ते २० बैठका लागतात, आणि खरं काम दोन बैठकांच्या मधल्या दिवसांत होतं.

आता मी बाळाबद्दल पुन्हा का सांगणार नाही ते बघा. तुम्ही विचारता, नवरा "हो, लावली" म्हणतो, तुम्हाला दोन मिनिटं हायसं वाटतं. त्या दोन मिनिटांनी मेंदू एवढंच शिकतो की विचारल्याशिवाय सुटका नाही. नवरा हे प्रेमानंच करतो, आणि दमूनही; रात्री साडेअकराला कुणाला वाद घालायचाय? पण त्याच्या "हो"चं काम त्या फोटोंसारखंच चालतं. त्याला एकदम गप्प बसायला सांगू नका, त्यानं भांडणं होतात. दोघं मिळून दुपारच्या निवांत वेळी ठरवा: रात्री विचारलंस तर मी म्हणेन, "हा प्रश्न तुझ्या आजाराचा आहे, मी तुझ्याजवळ आहे," आणि उत्तर देणार नाही. जमल्यास पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीला त्यालाही घेऊन जा. "जरा जास्त विचार करतेस" हे त्याचं म्हणणंही तिथं आपोआप निवळेल.

जायचं कोणाकडे? मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, निदान करतो, औषध देऊ शकतो. मानसशास्त्रज्ञ थेरपी करतो. दोघांपैकी कुणाकडूनही सुरुवात चालेल, पण फोनवरच एक प्रश्न विचारा: "ओसीडीसाठी तुम्ही ईआरपी करता का, आणि ती कशी करता?" ज्याला येतं तो दोन-तीन वाक्यांत सांगेल. नुसतं दीर्घ श्वसन, "विचार आला की थांब म्हणा", मनगटावर रबरबँड ओढा, किंवा दर भेटीला "तुम्ही असं कधीच करणार नाही" अशी समजूत, एवढ्यावरच गाडी अडली असेल तर दुसरीकडे जायला हरकत नाही. फक्त झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या हाही या आजाराचा इलाज नव्हे. आमच्यातलेच काही जण अजून तेवढंच देतात, हे मला मान्य करावं लागेल.

औषधांचं म्हणाल तर मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी औषधं यात वापरतात: फ्लुओक्सेटिन, फ्लुवॉक्सामिन, सर्ट्रालिन वगैरे, आणि जुन्यातलं क्लोमिप्रामिन. इथं लोक दोन ठिकाणी घसरतात. नैराश्यापेक्षा या आजाराला बहुधा डोस जास्त लागतो, आणि परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे जातात. तीन आठवड्यांत "काही उपयोग नाही" म्हणून औषध सोडणारे मी शेकड्यांनी पाहिलेत. घेणाऱ्यांपैकी साधारण ४० ते ६० टक्के लोकांना पहिल्या औषधानं चांगला उतार पडतो, उरलेल्यांसाठी औषध बदलणं, थेरपीची जोड देणं असे मार्ग असतात. बरं वाटल्यावरही वर्षभर तरी ते चालू ठेवतात, आणि मनानं एकदम बंद करायचं नाही. गर्भधारणेचा विचार असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. तुमच्या वर्णनावरून मला थेरपीनं सुरुवात करावीशी वाटते, पण ते समोर बसलेला डॉक्टर ठरवेल.

तिथं गेल्यावर काय होतं? पाऊण-एक तास बोलणं. बहुधा येल-ब्राउन नावाची मोजपट्टी वापरतील. तिच्यात १० प्रश्न आणि ४० गुण असतात. तुम्ही सोडवलेल्या चाचण्यांपैकी काही तिचीच पातळ केलेली रूपं असावीत. फरक इतकाच की इथं प्रश्न विचारणारा माणूस उलटा प्रश्नही विचारतो. बाळाचा विचार ऐकून तो दचकणार नाही. असं वाक्य आम्ही महिन्यातून कितीदा तरी ऐकतो. तोंडातून निघणार नाही असं वाटत असेल तर लिहून न्या आणि कागद पुढे सरकवा. माझ्याकडे असे कागद बरेच आलेत, काही तर चौपट घडी घालून.

एकच पान न्या. काय टाळता, काय तपासता, कोणाला विचारता, आणि ती बाळाची ओळ, यावेळी सगळ्यात वर. आठवडाभर नोंदी ठेवत बसू नका, रात्री दहा मिनिटांत लिहा. काही राहिलं असेल तर राहू द्या, खाडाखोड झाली तर तशीच न्या. पुन्हा नीट उतरवून काढलेलं स्वच्छ पान दिसलं, तर ते कितव्यांदा उतरवलं हाच पहिला प्रश्न येईल. मी तरी तोच विचारला असता.